हरलेल्या संघातला मालिकावीर: वेस्टला मिळाला, लेब्रॉनला का नाही?

प्रश्न असा आहे: एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, अंतिम मालिकेचा एमव्हीपी, म्हणजे आपल्याकडे ज्याला मालिकावीर म्हणतात तो, हरलेल्या संघातला असावा का? २०१५ साली हरलेल्या क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सला तो मिळाला नाही, हा अन्याय होता का? आणि विचारणाऱ्याने शेवटी एक पुस्ती जोडली आहे. हरलेल्या खेळाडूला त्या बक्षिसाचा आनंद होतच नाही, मग द्यायचं कशाला?

मी तीस वर्षं बास्केटबॉल शिकवतोय. शालेय आणि जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांत ‘सर्वोत्कृष्ट खेळाडू’ निवडणाऱ्या समितीत बसण्याची वेळही अनेकदा आली. त्यामुळे हा प्रश्न मी टीव्हीसमोर बसून जेवढा सोडवलाय, त्याहून जास्त वेळा स्कोअररच्या टेबलामागे उभं राहून सोडवलाय. माझं उत्तर आधीच सांगतो. हो, असावा. क्वचितच असावा, पण तो क्षण आला तर हात आखडता घेऊ नये. मात्र लोक ज्या कारणासाठी तो मागतात, म्हणजे ‘बघा, एकट्याने किती पॉइंट केले’, ते कारण मला पुरेसं वाटत नाही.

एनबीएच्या अंतिम मालिकेत असं आजवर एकदाच घडलंय, आणि तेही हा पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी. १९६९. लॉस एंजेलिस लेकर्स विरुद्ध बॉस्टन सेल्टिक्स. सात सामन्यांची मालिका, आधी चार जिंकेल तो विजेता. ही मालिका नीट समजून घेतली, तर निम्मं उत्तर तिथेच मिळतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सेल्टिक्स तेव्हा थकलेला संघ होता. पूर्व विभागात चौथे आलेले. बिल रसेल खेळाडूही आणि प्रशिक्षकही, आणि तो त्याचा शेवटचा हंगाम. लेकर्सकडे जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर होतेच, त्यात त्या वर्षी विल्ट चेंबरलेन आला होता. सेल्टिक्सविरुद्ध अंतिम मालिकेत वेस्ट याआधी पाच वेळा हरला होता: १९६२, ६३, ६५, ६६ आणि ६८. या वेळी तरी, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

पहिल्या सामन्यात रसेलने ठरवलं की वेस्टवर दोघं सोडायचे नाहीत, एकाच गार्डने त्याला सांभाळायचं. वेस्टने ५३ पॉइंट केले आणि लेकर्स दोन पॉइंटनी जिंकले. दुसऱ्या सामन्यात रसेल आपल्या विचारावर ठाम राहिला. वेस्टने ४१ केले, लेकर्स पुन्हा जिंकले. तिसऱ्या सामन्यापासून रसेलने हात टेकले आणि वेस्टवर डबल टीम लावली. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्यावर उभं आहे. बचावाच्या बाबतीत या खेळातलं सर्वांत तल्लख डोकं ज्याचं मानलं जातं, त्याला दोन सामन्यांनंतर स्वतःचा डाव बदलावा लागला, आणि तो एका माणसामुळे.

डबल टीम म्हणजे काय, हे ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोरच्या एका खेळाडूवर तुमचे दोघं गेले, की कोर्टावर कुठेतरी त्यांचा एक जण मोकळा राहतो. तो मोकळा राहणार हे माहीत असूनही तुम्ही ती किंमत मोजायला तयार होता. प्रशिक्षक हा सौदा खुशीने करत नाही, दुसरा इलाज उरत नाही तेव्हा करतो.

तिसऱ्या सामन्यात वेस्ट २४ वर थांबला आणि सेल्टिक्स जिंकले. चौथा सामना अगदी शेवटच्या सेकंदाला, सॅम जोन्सच्या तोल जाता जाता मारलेल्या शॉटवर, ८९-८८ असा सेल्टिक्सने घेतला. तो शॉट हुकला असता तर लेकर्स ३-१ ने पुढे असते. पाचव्या सामन्यात वेस्टने ३९ केले, संघ जिंकला, पण शेवटी शेवटी त्याच्या मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, दुखावला. धावण्याच्या खेळात ही दुखापत झालेला माणूस साधारणपणे बाकावर बसतो. वेस्ट सहाव्या सामन्यात लंगडत खेळला, २६ केले, लेकर्स हरले. मग सातवा, ५ मे १९६९, लेकर्सच्याच घरच्या कोर्टावर. मालक जॅक केंट कुक यांनी विजयोत्सवासाठी छताला हजारो फुगे टांगून ठेवले होते.

त्या सामन्यात वेस्टने ४२ पॉइंट, १३ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेला चेंडू) आणि १२ असिस्ट (सहकाऱ्याला पॉइंट मिळवून देणारा पास) केले. दुखऱ्या पायाने. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी सेल्टिक्स पंधराने पुढे होते, आणि वेस्टने संघाला ओढत ओढत एका पॉइंटवर आणलं. चेंबरलेन गुडघा दुखावून बाहेर बसला होता. मी परत येतो म्हणाला, तर प्रशिक्षक बुच व्हॅन ब्रेडा कोल्फ यांनी त्याला घेतलं नाही. आणि मग सेल्टिक्सच्या डॉन नेल्सनच्या हाती फ्री थ्रो रेषेजवळ एक सुटा चेंडू आला. त्याने घाईत मारला. चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आदळला, सरळ वर उडाला आणि खाली येताना जाळीत पडला. सेल्टिक्स १०८, लेकर्स १०६. फुगे छतालाच राहिले.

आता मला सांगा, तो चेंडू रिंगवर आदळून बाहेर गेला असता तर? मग कदाचित लेकर्स जिंकले असते आणि वेस्ट मालिकावीर झाल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नसता. नेल्सनच्या चेंडूने वर उडून कुठे पडायचं, यात वेस्टचा काही हात नव्हता. त्याचे ४२ ते ४२च. सात सामन्यांत मिळून त्याने २६५ पॉइंट केले होते, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ ३८. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू कोण, या प्रश्नाचं उत्तर चेंडू हवेत असताना बदलत नसतं. त्या चेंडूने ठरवलं ते एवढंच, की चषक कुणाचा.

तेव्हा हा पुरस्कार ‘स्पोर्ट’ नावाचं मासिक देत असे आणि बक्षीस म्हणून मोटार मिळे. वेस्टला मिळालेली गाडी हिरवी होती. सेल्टिक्सचा रंग हिरवा. गाडी देणाऱ्यांच्या हे लक्षात आलं नसावं.

म्हणजे माझी पहिली कसोटी ही: समोरच्या संघाला त्या एकट्यासाठी स्वतःचा खेळ मोडून नव्याने मांडावा लागला का? पॉइंट किती केले हे त्यानंतर. कारण हरणाऱ्या संघात एक जण भरपूर पॉइंट करतो, यात पुष्कळदा विशेष काही नसतं. चेंडू सतत त्याच्याच हातात असतो, दुसरं कुणी मारणारं नसतं, आणि समोरचा प्रशिक्षकसुद्धा मनात म्हणत असतो, ‘करू दे त्याला चाळीस, बाकीच्या चौघांना रोखा.’ मी स्वतः असं कित्येकदा सांगितलंय माझ्या मुलांना. असे चाळीस पॉइंट स्कोअरशीटवर देखणे दिसतात, पण आम्ही ते आनंदाने दिलेले असतात. वेस्टला कुणी आनंदाने दिले नव्हते. हा फरक आकड्यांत दिसत नाही, तो समोरच्या बाकावरच्या हालचालींत दिसतो.

दुसरी कसोटी: जिंकलेल्या संघात तेवढ्याच तोलाचा दावेदार आहे का? असेल तर बरोबरी झाली, आणि बरोबरीत कौल जिंकणाऱ्याकडे जावा, हे मला मान्य आहे. १९६९ मध्ये सेल्टिक्सचा विजय वाटला गेला होता. जॉन हॅव्हलिचेकने सामन्यामागे २८ च्या वर पॉइंट केले, एक सामना जोन्सने वाचवला, शेवटचा घाव नेल्सनचा, आणि डोकं रसेलचं. संघ म्हणून ते श्रेष्ठ होते आणि त्याचं बक्षीस त्यांना मिळालं. एकटा माणूस म्हणून वेस्टच्या जवळपास कुणी नव्हतं.

आता २०१५. क्लीव्हलँड कॅव्हलियर्स विरुद्ध गोल्डन स्टेट वॉरियर्स. वॉरियर्स त्या हंगामात ६७ सामने जिंकून आले होते. क्लीव्हलँडचा केव्हिन लव्ह पहिल्याच फेरीत खांदा निखळून बाहेर गेला होता आणि कायरी आयर्विंगच्या गुडघ्याची वाटी अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात, जादा वेळेत, फ्रॅक्चर झाली. उरला लेब्रॉन, आणि त्याच्याभोवती कष्टाळू पण मर्यादित माणसं. या संघाने दुसरा आणि तिसरा सामना जिंकून २-१ अशी आघाडी घेतली! लेब्रॉनचे सहा सामन्यांतले पॉइंट असे: ४४, ३९, ४०, २०, ४०, ३२. सरासरी ३५.८ पॉइंट, १३.३ रिबाउंड, ८.८ असिस्ट. पॉइंट, रिबाउंड आणि असिस्ट, तिन्हींत दोन्ही संघांमिळून पहिला असणारा अंतिम मालिकेच्या इतिहासातला तो पहिला खेळाडू.

यावर आक्षेप येतो तो नेमबाजीचा. त्याने जेमतेम ४० टक्के शॉट घातले, ३९.८ नेमके. आकडा खरा आहे, आणि एरवीच्या लेब्रॉनच्या मानाने बराच कमी आहे. पण तो कसा झाला ते पाहायला हवं. वॉरियर्स वेगावर जगणारा संघ. त्यांच्याशी पळापळीचा खेळ खेळणं म्हणजे क्लीव्हलँडने आपणहून फास लावून घेणं. म्हणून प्रशिक्षक डेव्हिड ब्लॅट यांच्या संघाने खेळ मुद्दाम संथ केला. चेंडू सावकाश पुढे आणायचा, लेब्रॉनच्या हातात द्यायचा, चोवीस सेकंदांच्या घड्याळातले बरेचसे सेकंद संपू द्यायचे, मग हल्ला. अशा खेळात घड्याळ संपत आलं की पडेल तो, अवघड कोनातला शॉट कुणीतरी मारावाच लागतो. तो कुणी मारायचा? लेब्रॉननेच. म्हणजे त्याची टक्केवारी हा त्या डावपेचाचा भाडेखर्च होता, आणि त्या डावपेचानेच संघाला दोन सामने मिळवून दिले. शिवाय तो सामन्यामागे सरासरी ४५ मिनिटांहून जास्त वेळ कोर्टावर होता. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याचे पाय जड झालेले अगदी टीव्हीवरसुद्धा दिसत होते.

आणि मग पहिली कसोटी. चौथ्या सामन्याआधी वॉरियर्सचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी आपला उंच सेंटर अँड्र्यू बोगट याला सुरुवातीच्या पाचातून काढलं आणि त्याच्या जागी आंद्रे इग्वोडालाला घेतलं. सबंध हंगामात इग्वोडाला एकदाही सुरुवातीच्या पाचात नव्हता. ६७ सामने जिंकून देणारी मांडणी कर यांनी अंतिम मालिकेच्या मध्यावर मोडली. का? लेब्रॉनसाठी माणूस हवा होता, आणि त्याने संथ केलेला खेळ पुन्हा वेगात आणायचा होता म्हणून. रसेलने १९६९ मध्ये जे केलं, तेच कर यांनी ४६ वर्षांनी केलं. फरक इतकाच की कर यांचा डाव पुढचे तिन्ही सामने लागू पडला.

पुरस्कार मिळाला तो इग्वोडालाला. ११ मतांपैकी ७ त्याला, ४ लेब्रॉनला, आणि वॉरियर्सचा तारा स्टीफन करीला एकही नाही. इग्वोडालाची सरासरी होती १६.३ पॉइंट. मला इग्वोडालाबद्दल मनापासून आदर आहे. बेंचवर बसायला सांगितलं तेव्हा तो कुरकुर न करता बसला, उठवलं तेव्हा उठला, आणि सहाव्या सामन्यात २५ पॉइंट करून मालिका बंद केली. मी माझ्या मुलांना त्याचं उदाहरण देतो. पण त्याची निवड करताना सगळीकडे जे मुख्य कारण सांगितलं गेलं ते असं, की त्याने लेब्रॉनला सांभाळलं. म्हणजे त्याची थोरवी मोजायची फूटपट्टी होती लेब्रॉन! ज्याला अडवणं हीच मालिकेतली सर्वांत मोठी कामगिरी ठरली, त्या मालिकेचा केंद्रबिंदू कोण होता, हे मतदारांनी स्वतःच सांगितलं, फक्त मत दुसरीकडे टाकलं.

मी तिथे असतो तर लेब्रॉनला मत दिलं असतं. तरी ‘अन्याय’ हा शब्द मी वापरणार नाही. चौथ्या सामन्यापासून वॉरियर्सना त्याचं उत्तर सापडलं होतं, तीन सामने सलग जिंकले गेले होते, आणि मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली नाही. वेस्टचा दावा जितका निर्विवाद होता तितका हा नाही. पण जिंकलेल्या बाजूला एकच एक दावेदार नव्हता, हे तर मतदारांच्या गोंधळावरूनच दिसतं. ज्या संघाचा तारा करी आहे आणि मत मात्र इग्वोडालाला जातं, तो संघ अनेक हातांनी जिंकलेला असतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर वाटेल की मी प्रत्येक हरलेल्या नायकाच्या गळ्यात माळ घालायला निघालोय. २००१ मध्ये फिलाडेल्फियाच्या ॲलन आयव्हरसनने पहिल्या सामन्यात ४८ पॉइंट करून लेकर्सना हरवलं. त्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, लेकर्स तोवर एकही सामना हरले नव्हते. आयव्हरसनची मालिकेतली सरासरी ३५.६, म्हणजे लेकर्सच्या शकील ओनीलपेक्षा जास्त. पण शकीलचे ३३ पॉइंट आणि जवळपास १६ रिबाउंड होते, तेही त्या वर्षी सर्वोत्तम बचावपटू ठरलेल्या डिकेम्बे मुटोम्बोच्या अंगावर. मालिका ४-१. शकीलच. २०१७ मध्ये लेब्रॉनची सरासरी ३३.६ पॉइंट, १२ रिबाउंड, १० असिस्ट, अंतिम मालिकेत ट्रिपल डबलची, म्हणजे तिन्हींत दोन आकडी, सरासरी पहिल्यांदाच. पण समोर वॉरियर्सचा केव्हिन ड्युरंट ३५.२ पॉइंट करत होता. ड्युरंटच, वादच नाही.

मात्र १९७४ मध्ये मी अडखळतो. मिल्वॉकी बक्स विरुद्ध सेल्टिक्स, सात सामने. करीम अब्दुल-जब्बारची सरासरी ३२ च्या वर. सहाव्या सामन्यात, दुसऱ्या जादा वेळेत, त्याच्या हुक शॉटने बक्स १०२-१०१ असे वाचले. सेल्टिक्सचा सेंटर डेव्ह कावेन्स तोवर त्याला जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. सातव्या सामन्यात सेल्टिक्सने डाव बदलला आणि करीमभोवती माणसांचा गराडा घातला. तो बराच वेळ कोरडा राहिला, तिकडे मोकळ्या झालेल्या कावेन्सने २८ केले, सामना सेल्टिक्सने सहज घेतला. मालिकावीर हॅव्हलिचेक. माझी पहिली कसोटी लावली तर करीम पास होतो. दुसरी लावली तर हॅव्हलिचेक काही लहान दावेदार नव्हता, आणि निर्णायक सामन्यात करीम थांबवला गेला होता. इथे मी दोन प्रामाणिक माणसांना दोन वेगळी मतं देऊ देईन. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असतं असं मी कधीच मानलं नाही.

बास्केटबॉलच्याच जगात हा प्रकार पूर्वी इतका दुर्मीळ नव्हता, हे आज बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांच्या टप्प्यात सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार असतो. १९५७ मध्ये तो कॅन्ससच्या विल्ट चेंबरलेनला मिळाला. त्याचा संघ नॉर्थ कॅरोलायनाकडून तीन जादा वेळांनंतर ५४-५३ असा हरला होता. १९५८ मध्ये सिएटलच्या एल्जिन बेलरला मिळाला, संघ केंटकीकडून हरलेला. १९५९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या जेरी वेस्टला, संघ कॅलिफोर्नियाकडून एका पॉइंटने हरलेला. सलग तीन वर्षं, तीन हरलेले नायक. दहा वर्षांनी तेच तिघं लेकर्सच्या एकाच जर्सीत होते, १९६९ च्या त्या सातव्या सामन्यात. मी हे मुलांना सांगतो तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. पुढे १९८३ मध्ये ह्यूस्टनच्या हकीम ओलाजुवानलाही हरूनच हा पुरस्कार मिळाला. त्यानंतर कॉलेजच्या स्पर्धेतही तो नेहमी विजेत्याकडेच गेलाय.

म्हणजे नियम बदलला नाही, मतदारांची सवय बदलली. का बदलली याबद्दल माझा अंदाज साधा आहे: समारंभ. आज अंतिम सामना संपल्यावर काही मिनिटांत कोर्टावर मंच उभा राहतो, वरून रंगीत कागदांचा पाऊस पडतो, चषक दिला जातो आणि लगेच त्याच मंचावर मालिकावीराचं नाव पुकारलं जातं. त्या गर्दीत हरलेल्या माणसाला ड्रेसिंग रूममधून बोलावून आणायचं? नकोसं वाटतं. मतदारही माणसंच आहेत. पण हा अवघडलेपणा मंचाचा आहे, खेळाचा नाही. मंचाच्या सोयीसाठी खेळाचा निकाल लावू नये.

क्रिकेट पाहणाऱ्यांना तर हे नवीन नाहीच. २००३ च्या विश्वचषकात सचिन तेंडुलकर ६७३ धावा करून स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जोहान्सबर्गला अंतिम सामन्यात तो ४ धावांवर बाद झाला आणि आपण हरलो. २०२३ मध्ये विराट कोहलीच्या ७६५ धावा, अहमदाबादला पुन्हा ऑस्ट्रेलियाकडून हार, पुन्हा तोच पुरस्कार. कुणीही म्हटलं नाही की हरलेल्याला का दिला. मात्र तुलना करताना एक काळजी घ्यावी. तो पुरस्कार सगळ्या स्पर्धेचा होता, आणि अंतिम सामन्याचा वीर वेगळा निवडला गेला होता, रिकी पॉन्टिंग आणि ट्रॅव्हिस हेड. आइस हॉकीतही सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा कॉन स्माइथ चषक पूर्ण प्लेऑफसाठी असतो. २०२४ मध्ये एडमंटनचा कॉनर मॅकडेव्हिड हरूनही तो जिंकला, त्यामागे आधीच्या फेऱ्यांचं भांडवल होतं. एनबीएचा मालिकावीर हा फक्त शेवटच्या मालिकेचा असतो. तिथे आधीची पुण्याई चालत नाही, आणि म्हणूनच त्या चार ते सात सामन्यांकडे जास्त बारकाईने पाहावं लागतं. तेवढ्याने दार बंद होत नाही, उंबरठा उंच होतो इतकंच.

आता शेवटची पुस्ती. ज्याला आनंद होत नाही त्याला द्यायचं कशाला? मॅकडेव्हिड त्या रात्री चषक घ्यायला बर्फावर आलाच नाही. वेस्टलाही १९६९ च्या पुरस्काराने काडीचं समाधान मिळालं नाही. त्याने नऊ अंतिम मालिका खेळल्या आणि एकच जिंकली, १९७२ ची, आणि त्या मालिकेचा मालिकावीर ठरला चेंबरलेन. खरं आहे, हे बक्षीस हरलेल्याच्या जखमेवर फुंकर घालत नाही. पण ते त्यासाठी असतं असं मला वाटत नाही. ते नोंदीसाठी असतं. आज एखाद्या पोराने मालिकावीरांची यादी उघडली तर पहिल्याच ओळीत त्याला दिसतं: विजेता बॉस्टन, मालिकावीर लेकर्सचा वेस्ट. त्याला वाटतं, छपाईची चूक असेल. मग तो शोधायला लागतो आणि त्या ४२-१३-१२ पर्यंत, नेल्सनच्या त्या चेंडूपर्यंत पोहोचतो. २००९ पासून या पुरस्काराला बिल रसेलचं नाव आहे. तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं मिळवणाऱ्या रसेलला हा पुरस्कार स्वतःला कधीच मिळाला नाही, कारण तो सुरू झाला त्याच्या शेवटच्या मालिकेत आणि गेला त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे.

माझ्या हातून एकदा ही नोंद चुकली आहे. मुलींची १८ वर्षांखालील स्पर्धा होती, ठिकाण सांगत नाही. अंतिम सामन्यात हरलेल्या संघाच्या पॉइंट गार्डने संघाच्या निम्म्याहून जास्त पॉइंट एकटीने केले. समोरच्यांनी तिच्यावर तीन वेगवेगळ्या मुली लावून पाहिल्या, मग बॉक्स अँड वन लावला, म्हणजे चौघी चौकोनात आणि पाचवी सावलीसारखी तिच्या मागे. तरी ती थांबेना. शेवटी पाचवा फाऊल होऊन ती बाहेर गेली आणि उरलेल्या मिनिटांत सामना निसटला. समितीत आम्ही तिघं. चर्चा दोन मिनिटंही झाली नाही. विजेत्या संघाच्या उंच सेंटरचं नाव पुढे आलं, मुलगी चांगली होती, मी सही केली. बक्षीस समारंभात ही गार्ड शेवटच्या रांगेत बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. समोरच्या प्रशिक्षकाने जाताना मला विचारलं, ‘सर, तिला का नाही दिलं? आमचा सगळा डाव तर तिच्यासाठीच होता.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी समितीत असलो की एक करतो. तिसरा क्वार्टर संपल्यावर एका चिठ्ठीवर नाव लिहून खिशात ठेवतो. शेवटच्या शिट्टीनंतर दुसऱ्या चिठ्ठीवर नाव लिहितो. दोन्ही जुळली तर प्रश्न नाही. नावं वेगळी निघाली, तर शेवटच्या क्वार्टरमध्ये त्या दुसऱ्या खेळाडूने नेमकं काय केलं ते सहकाऱ्यांना सांगतो. तसं काही सांगता आलं नाही, म्हणजे फक्त फलकावरचा आकडा पाहून माझं मत फिरलं असेल, तर पहिली चिठ्ठी टेबलावर ठेवतो. आतापर्यंत दोनदा हरलेल्या संघातलं नाव जाहीर झालंय. दोन्ही वेळा सभागृहात आधी शांतता पसरली, आणि मग पहिल्यांदा टाळ्या वाजल्या त्या जिंकलेल्या संघाच्या बाकावरून.